खलफच्या नावाची तुती

आल्मास्तमामीच्या हातचा मार न खाल्लेला माणूस अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या आमच्या आर्मेनी वस्तीत शोधावाच लागला असता. माझ्या नवऱ्याने लहानपणी खाल्ला, रबराच्या कारखान्यातल्या मुकादमाने खाल्ला, आणि बागेच्या समितीचे अध्यक्ष नुबार चिलिंगिरियान यांनी तर चाळिशी गाठल्यावर, सुटाबुटात खाल्ला. ती माझ्या नवऱ्याची मामी, म्हणून माझीही मामी. तिच्या मटणाच्या दुकानात मी वीस वर्षं तिच्या शेजारी उभी होते. माझ्यावर तिने कधी हात उचलला नाही. एकदा मेंढीची गोठलेली तंगडी माझ्या कानाजवळून सणसणत गेली होती, पण नेम माझ्यामागे उभ्या असलेल्या दारुड्यावर होता आणि तो बरोबर लागला.

बुटकी, खांद्यात रुंद, केस कायम रुमालात बांधलेले. खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत निळ्या रेघा आणि ठिपके गोंदलेले होते, त्यातला डावीकडचा भाग भाजून पांढरा पडला होता. नवीन गिऱ्हाईक तिच्या हनुवटीकडे बघत राहिलं की ती सुरा खाली ठेवून विचारायची, "मटण हवंय की माझा फोटो?" गिऱ्हाईक हवं त्यापेक्षा जास्त मटण घेऊन जायचं.

तिची गोष्ट तिने मला एका बैठकीत कधीच सांगितली नाही. हाडापासून मांस सोडवता सोडवता, मधूनच एखादा तुकडा सांगायची, आवाज न बदलता. तुर्कस्तानात खारपेर्तजवळच्या तिच्या गावात पंधरा साली सुलतानाच्या शिपायांनी आर्मेनी पुरुषांना दोरखंडाने बांधून ओढ्याकडे नेलं. गोळ्या वाचवायच्या होत्या, म्हणून घराघरातून कुऱ्हाडी गोळा केल्या. तिच्या बापाच्या अंगणातली कुऱ्हाडही नेली. दुसऱ्या दिवशी तिची आई पाण्याचं निमित्त करून ओढ्यावर गेली आणि नवऱ्याचा एक बूट घेऊन परत आली. बूट रिकामा नव्हता. आईने तो परसात पुरला, हात धुतले आणि पोरींना भाकरी करून वाढली.

मग बायकापोरांना वाळवंटाच्या दिशेने हाकललं. आई वाटेत बसली ती उठलीच नाही. शिपायाने तिच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घातला आणि पोरींना सांगितलं, पुढे चला. फरात नदीच्या काठावर थोरल्या बहिणीने, येघसाने, मामीचा हात घट्ट धरला आणि उडी घेतली. त्या दिवसांत पुष्कळ पोरी तशा उड्या घेत होत्या. मामीने तिच्या हाताला चावून आपला हात सोडवून घेतला.

"मला जगायचं होतं, शाके," ती मला म्हणाली. तेव्हा ती खिमा करत होती. "बारा वर्षांची होते. भूक लागली होती. पोटात आग पडलेलं माणूस नदीत कशाला उडी घेईल?"

पुढे एका अरब टोळीवाल्याने शिपायांना दोन बकऱ्या देऊन तिला विकत घेतलं. टोळीतल्या तिघींनी हातपाय धरले आणि चौथीने सुयांनी तोंडावर काजळी गोंदली, म्हणजे पळाली तरी कुणाची आहे ते कळावं. पंधराव्या वर्षी तिला मुलगा झाला. त्याच्या आजीने नाव ठेवलं खलफ. ते लोक तिला उपाशी ठेवत नव्हते, हे मामी नेहमी आवर्जून सांगायची, कुणी त्यांना सरसकट शिव्या द्यायला लागलं की विशेष. पण सून पोराशिवाय पळणार नाही हे सासूला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती झोपताना नातवाला लोकरीच्या दोरीने आपल्या कमरेला बांधायची. अलेप्पोहून माणसं आली आहेत आणि आपल्या पोरींना सोडवून नेताहेत अशी कुणकुण लागली, तेव्हा खलफ तीन वर्षांचा होता. पहाटे मामी उठली. नवरा जागा होऊन आडवा आला, तर तिने त्याच्या डोक्यात मुसळ घातलं. तो मेला की वाचला ते तिला कधी कळलं नाही आणि त्याचं तिला सोयरसुतकही नव्हतं. सासू ओरडत उठली तेव्हा दोरीला बांधलेलं पोर टक्क जागं होऊन आईकडे बघत होतं. मामी पळाली.

अलेप्पोच्या अनाथाश्रमात फोटो काढून मुली अमेरिकेत लग्नाला पाठवत. फोटोवाल्याने तिला हनुवटी झाकेल असा रुमाल ओढून बसवलं होतं. बंदरावर तिला घ्यायला आलेल्या नवऱ्याने, मिहरानमामाने, तो रुमाल बाजूला केला आणि तोंड फिरवलं. माणूस वाईट नव्हता, पण मित्रांच्या टोमण्यांना भ्यायचा. त्याने कुठूनसं तेजाब आणलं आणि निळ्या रेघा जाळायला बसला. एक बाजू तिने दात आवळून जाळू दिली. दुसऱ्या बाजूला हात घातला तेव्हा तिने दुकानातला सत्तूर त्याच्या मनगटावर टेकवला. तिथून पुढे त्यांचा संसार सुरळीत चालला. मूल मात्र झालं नाही, आणि मामा गेल्यावर दुकान तिचं झालं.

दर वर्षी फेब्रुवारीत एखाद्या दिवशी ती कारणाशिवाय खुशीत असायची. गिऱ्हाइकांना पावशेर जास्त तोलायची. मला म्हणायची, "चाळीसचा झाला असेल." मग पुढच्या वर्षी एकेचाळीसचा. त्याला नातवंडं असतील, गुरं असतील, बापासारखा तिरसट असेल, असं काहीबाही बोलायची. तो मेला असेल असं तिच्या बोलण्यात कधी आलं नाही, आणि मीही कधी ते तोंडातून काढलं नाही.

पासष्ट साली कत्तलीला पन्नास वर्षं होणार होती. नगरपालिकेने नदीकाठची जागा आमच्या लोकांच्या स्मारकाच्या बागेसाठी दिली. समिती झाली, आणि समिती म्हटल्यावर नुबार आलाच. गालिच्यांचं मोठं दुकान, इथेच जन्मलेला, भाषण सुरू केलं की छातीवर हात ठेवणारा. मधोमध काळा दगड बसवायचं ठरलं आणि त्यावर काय कोरायचं ते नुबारने ठरवलं. बेअब्रूपेक्षा ज्यांनी मरण पत्करलं त्यांच्या स्मरणार्थ. सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामीने हात मांडीखाली दाबून धरले होते, ते मी पाहिलं.

नुबारच्या या अब्रूच्या वेडाचं मूळ त्याच्या घरातच होतं. त्याची आई, मान्निगआजी, सत्तरीची, सुकून काटकी झालेली. आमच्याकडे जुन्या काळी खेड्यातल्या सुना सासरी तोंडावर फडकं बांधायच्या आणि वडीलधाऱ्यांसमोर वर्षानुवर्षं बोलायच्या नाहीत, खुणा करायच्या. अमेरिकेत येऊन सगळ्यांनी ती फडकी चुलीत घातली. मान्निगआजीने ठेवलं. नाकाखालून गळ्यापर्यंत पांढरं फडकं, चर्चमध्ये, बाजारात, नवरा मेल्यावरसुद्धा. लोक पोरींना दाखवायचे, बघा, याला म्हणतात खारपेर्तची खानदानी बाई. ती आमच्या दुकानात यायची, बोटाने तुकडा दाखवायची, मामी तोलून द्यायची. दोघी एकमेकींच्या डोळ्याला डोळा देत नसत.

उद्घाटनाच्या दिवशी ज्या घरातलं माणूस कत्तलीत गेलं त्या घराने दगडाभोवती तुतीचं एक रोप लावायचं आणि गेलेल्याचं नाव मोठ्याने पुकारायचं, असं ठरलं. त्यानंतर मदाघ. म्हणजे पाद्रीबाबांनी मंतरलेलं मीठ चारून कापलेल्या कोकरांचं मटण, मृतांच्या आत्म्यासाठी, आल्यागेल्या सगळ्यांना फुकट. ते दर वर्षी मामीच करायची. कोण कुणाचं नाव पुकारणार हे सभेत विचारलं गेलं. बापाचं, आईचं की येघसाचं, असं मामीला विचारलं तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझं रोप खलफचं."

कुणाला काही कळेना. मग तिने सांगितलं. मला सांगायची त्याच आवाजात, चार वाक्यांत. सभागृहात बायकांनी पदराआड तोंडं लपवावीत तशी पर्सआड लपवली. कुणीतरी मागून म्हणालं की मुसलमानाचं पोर आमच्या हुतात्म्यांत कशाला. दुसरा म्हणाला, आणि मेलाय कशावरून? "माझ्यापासून तुटला, तेवढं पुरे," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नुबार दुकानात आला. आधी गोड बोलला. काकू, तुम्ही बापाचं नाव घ्या, त्यांचा मान मोठा. मामी नळी फोडत होती. तिने एकच सांगितलं, बापाला रडायला आईसुद्धा होती, बहीणही होती, या पोराला पृथ्वीवर मी एकटी.

"पण काकू, तो त्यांचा आहे. आपला नाही."

"माझ्या पोटातून आला तो कुणाचा, ते तू मला सांगणार?"

नुबारचा पारा चढला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर माघार घेणं त्याला जड गेलं असावं. तो म्हणाला, "त्या दगडावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना? तुमच्या बहिणीने उडी घेतली. तुम्हीही घेतली असती तर आज तुमच्या नावाने कुणीतरी रोप लावलं असतं. माझी आईही त्याच वाळवंटातून आली. अब्रू सांभाळून आली. शिका काहीतरी तिच्याकडून."

मामीने हातातली नळी त्याच्या तोंडावर मारली. सुरा मारला नाही, हे मी पोलिसांनाही सांगायला तयार होते. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो मागे कोसळला, आकड्यांना लटकवलेली कोकरं हिंदकळली, आणि पांढऱ्या फरशीवर त्याचं रक्त कोकरांच्या रक्तात मिसळलं. मामी त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली. दुसरा तडाखा पडणार होता. मी तिचा हात धरला, तर तिने मला कोपराने भिंतीवर आपटलं. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि उठली. पोलीस आले तेव्हा नुबार फडक्यात नाक धरून म्हणाला की पाय घसरला. आमच्या भानगडी आम्ही बाहेर नेत नाही.

दुकान बंद केल्यावर मी फरशी धुत होते आणि शिव्या घालत होते. मामी स्टुलावर बसून हातातली हाडाची कुसळं काढत होती. मी म्हटलं की ही मान्निगआजीची अब्रू मला एकदा कुणीतरी उलगडून दाखवा, दिवसभर तोंडाला फडकं बांधून बसलं की झाली अब्रू.

"फडक्याखाली माझ्यासारखंच आहे," मामी म्हणाली. "त्याच बाईने गोंदलंय. माझ्यानंतर. मी तिचे पाय धरले होते, मला धरायला लावले."

मी पोचारा ठेवून तिच्यासमोर बसले. मान्निग त्याच टोळीत होती. दुसऱ्या तंबूत, मामीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. मामी पळाली तेव्हा ती तिथेच होती, नंतर कधीतरी सुटली. वॉटरटाउनच्या चर्चमध्ये दोघींनी एकमेकींना पाहिलं तेव्हा मान्निगच्या कडेवर नुबार होता. तिने फक्त मान हलवली, नको म्हणून. तेवढंच.

मी म्हटलं, "मग सांग ना सगळ्यांना. उद्याच्या उद्या सांग. तो नुबार तुझ्या पायावर लोळण घेईल."

"ते तिचं आहे. मी कोण सांगणारी?"

"मग निदान तिला विचार. तुझ्यानंतर ती तिथे होती. खलफचं तिला ठाऊक असेल."

मामी कुसळं काढत राहिली. एवढी वर्षं मान्निगआजी आठवड्यातून दोनदा काउंटरपलीकडे उभी राहत होती, आणि ज्या मामीने आयुष्यात कुणाला भीक घातली नाही ती तिला एक प्रश्न विचारायला घाबरत होती. विचारलं तर उत्तर मिळेल, एवढीच तिची भीती होती. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

समितीने निरोप पाठवला की मदाघ तुम्हीच करावा, रोप मात्र लावू नये. मामीने कोकरं कापली. पाद्रीबाबांनी मिठावर मंत्र म्हटला, तिने एकेका कोकराला मीठ चाटवलं, मान उलटी केली आणि सुरा फिरवला. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा भरभर कापत होती. हात कोपरापर्यंत लाल झाले तरी पुसले नाहीत. कढया चुलीवर चढल्यावर ती तशाच हातांनी फावडं आणि पोत्यात गुंडाळलेलं रोप घेऊन बागेकडे निघाली. मी मागोमाग गेले.

बागेत महापौर होते, बँड होता, नदीवरून बोचरा वारा येत होता. घराघरातली माणसं रोप लावून नावं पुकारत होती. म्हातारे पुरुष नाव पुकारताना हमसून रडत होते. मामी कुणाशी न बोलता एका कोपऱ्यात खड्डा खणायला लागली. नुबारने पाहिलं. त्याच्या नाकावर अजून पट्टी होती. त्याचे दोन पुतणे धावले.

मोठ्या पुतण्याने तिच्या हातातलं फावडं ओढलं. तिने सोडलं नाही, उलट दांडा त्याच्या पोटात खुपसला. तो दुमडला. धाकट्याने तिला मागून कव घातली आणि खाली आपटलं. बासष्ट वर्षांची बाई आपल्याच खणलेल्या खड्ड्याच्या काठावर बरगड्यांवर पडली. मी धाकट्याच्या केसांना धरून लोंबकळले, त्याने मला झिंजाडून टाकलं. मोठा सावरून आला आणि त्याने मामीच्या कमरेत लाथ घातली. बँड वाजवणारे थांबले. मामी गुडघ्यावर उठली, तोंडातून रक्त येत होतं, हातात फावडं होतंच. ती म्हणाली, "आता जो पुढे येईल त्याचं डोकं फोडीन," आणि कुणालाही ते खोटं वाटलं नाही.

नुबार लांबूनच ओरडला. "लाज वाटू द्या. ही बघा माझी आई. हिच्यासारख्या बायकांसाठी ही बाग आहे."

सगळ्यांनी मान्निगआजीकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि माझ्या जिभेवर शब्द येऊन ठेपले. मामीने माझ्याकडे नजर टाकली. ती नजर मला ओळखीची होती. मी तोंड मिटलं.

मग मान्निगआजी खुर्चीतून उठली. काठी टेकत गर्दीतून चालत आली, खड्ड्याशी थांबली. चाळीस वर्षांत चारचौघांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. फडक्याआडून, घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात ती म्हणाली, "लावू द्या तिला. पोर मेलेलं आहे. मी पुरलंय त्याला. या हातांनी."

नुबार म्हणाला, "आई, तू कुठे होतीस तेव्हा?" आणि आपणच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला त्याच क्षणी समजलं. त्याचा चेहरा पडला.

मामी उठली. फावडं टाकलं आणि मान्निगआजीच्या थोबाडीत एक ठेवून दिली. कोकराच्या रक्ताची बोटं पांढऱ्या फडक्यावर उमटली. म्हातारी हेलपाटली, पण पडली नाही. नुबार पुढे झेपावला, तर तिने हात आडवा करून त्याला थोपवलं.

"कधी?" मामीने विचारलं.

"तू गेलीस त्या हिवाळ्यात. ताप आला. त्याच्या आजीने पुष्कळ केलं त्याचं."

"माझ्याकडून मटण नेत होतीस. दर आठवड्याला. मी त्याची वर्षं मोजत होते इथे उभी राहून."

"मला माहीत होतं," मान्निगआजी म्हणाली. "तुला सांगायचं तर मी तिथे होते हे सांगावं लागलं असतं. माझ्याने झालं नाही."

मामी रोपाकडे बघत होती. नाव पुकारायची वेळ होती. ज्यासाठी तिने नाक फोडलं, लाथा खाल्ल्या, ते आता कुणी अडवत नव्हतं. पाद्रीबाबांनी हळूच मान हलवली, बोल म्हणून. तिने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. तिथे जी नावं पुकारली जात होती ती मेलेल्यांची होती, आणि तिचा खलफ त्या फेब्रुवारीतच सत्तेचाळीसचा झाला होता.

तिने रोप उचललं आणि मान्निगआजीच्या हातात दिलं. "तू पुरलंस. लाव आता तूच."

बरगडी धरून ती नदीकडे पाठ करून चालायला लागली. माणसांनी वाट दिली. मी तिच्या काखेत हात घातला, तो तिने झिडकारला नाही, आणि तेव्हा मला खरी धडकी भरली. मागे माती पडल्याचा आवाज आला. मग मान्निगआजीने नाव पुकारलं, मोठ्याने, दोनदा. खलफ. खलफ. मामी थांबली नाही, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. कढयांपाशी आल्यावर तिने डाव घेतला आणि लोकांना वाढायला लागली.